चोर्ला घाट आणि ११-३४ कॅसेट : बेळगावच्या सायकलवाल्यांसाठी रिव्ह्यू

आधी थेट निकाल सांगतो. बेळगावात राहून घाट मारणाऱ्या माणसाच्या सायकलला पुढं ५०-३४ चं कॉम्पॅक्ट क्रँक (पायडलजवळच्या दोन दातेरी चकत्या, ५० आणि ३४ दात्यांच्या) आणि मागं ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, सगळ्यात छोटी ११ आणि सगळ्यात मोठी २८ दात्यांची) असेल तर ती २८ काढून ११-३४ बसवावी, आणि कार्बन फोर्क, हलकी चाकं, भारीतले बूट हे सगळं त्याच्या नंतर बघावं. माझ्याकडं आठ स्पीडची, म्हणजे मागं आठ चकत्यांची, ११-३४ आहे आणि बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला खालून वर मी दोन्ही कॅसेटवर चढलोय, म्हणून हे लिहायला घेतलं. कुठल्या ब्रँडची हे महत्त्वाचं नाही, या साइजच्या दात्यांचा हिशेब सारखाच असतोय, तो नीट कळला पाहिजे.

आता २८ वर भागत असताना ३४ कशाला, हा प्रश्न ग्रुपमधे मला सारखा विचारला जातो. त्याचं उत्तर आपल्या गावाच्या जागेत आहे. मुंबईचा किंवा गोव्याचा सायकलवाला घाट आधी चढतो, सकाळच्या ताज्या पायांनी, आणि मग उतरत घरी जातो. आपलं बरोब्बर उलटं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, म्हणजे आपण राहतोच घाटमाथ्यावर. चोर्ला घ्या, आंबोली घ्या, तिलारी घ्या, नाहीतर खानापूर-रामनगर करून अनमोड घ्या, घरातनं निघालं की आधी उतार आणि चढ सगळा परतीला. तोही कधी, तर दुपार झालेली असते, पाण्याच्या बाटल्या गरम झालेल्या असतात, मांड्या आधीच भरलेल्या असतात आणि गोव्यातल्या साखळी गावात भाजीपाव खाऊन शरीराला जरा झोप यायला लागलेली असते. सकाळी साडेसहाला राजहंसगडावर २८ च्या दात्यावर (म्हणजे २८ दात्यांच्या चकतीवर) दणादण चढणारी पोरं दुपारी दोन वाजता चोर्ल्याच्या वळणावर तोच गिअर रेटू शकत नाहीत, यात त्यांची काही कमी नाही, गिअर ताज्या पायाच्या हिशेबानं लावलाय हे कारण आहे. आपल्याला गिअर थकलेल्या पायासाठी घ्यायचाय. दुकानात उभं राहून हे लक्षात येत नाही कारण दुकानात पाय ताजेच असतात.

ज्यांनी हा रस्ता सायकलवर केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिरनवाडीवरून जांबोटी रोडला लागायचं, किणये, कुसमळीला मलप्रभेचा पूल, मग जांबोटी, तिथून पुढं जंगल दाट व्हायला लागतं आणि कणकुंबी येते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, ७९२ मीटरवर, उगमाजवळ देऊळ आहे, तिथं थांबून तोंड धुवून पुढं निघायचं अशी बऱ्याच जणांची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. त्यानंतर चोर्ला गाव, साधारण आठशे मीटर, इथं कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीच्या हद्दी जवळजवळ आल्यात. चोर्ल्यानंतर रस्ता जो खाली सुटतो तो सुर्ल्याचा फाटा मागं टाकत वळणं घेत थेट केरीपर्यंत. खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं की समजायचं घाट संपत आला. केरी म्हणजे अगदी पायथा, सत्तरी तालुका, आणि तिथून साखळी जवळच.

म्हणजे येताना पंधराएक किलोमीटरमधे साडेसातशे मीटरच्या आसपास उंची चढायची. सरासरी काढली तर पाच टक्के येते आणि कागदावर पाच टक्के बघून माणूस म्हणतोय, ह्यात काय. सरासरी फसवी असते ओ. मधे मधे रस्ता जरा सैल होतो, तिथं जे वाचलं ते पुढच्या वळणावर वसूल होतं, आणि हेअरपिनच्या आतल्या बाजूनं तर चढ एकदम अंगावर येतो. समोरून मोठी गाडी आली की तुम्हाला आतलीच बाजू मिळते, म्हणजे सगळ्यात खडा भाग तुमच्या वाट्याला. तिथं गिअर शिल्लक नसेल तर उभं राहून रेटायचं नाहीतर उतरायचं.

आता हिशेब. ५०-३४ क्रँकचं छोटं चेनरिंग, म्हणजे पुढची छोटी चकती, ३४ ची. मागं २८ असेल तर पायडल एकदा फिरलं की चाक १.२१ वेळा फिरतं. मागं ३४ असेल तर बरोबर एकदा. ७००×२८ च्या टायरचा घेर साधारण २ मीटर १३ सेंटीमीटर. मिनिटाला साठ वेळा पाय फिरवले तर २८ वर तुम्हाला ताशी ९.३ किलोमीटर जायलाच लागतं, त्यापेक्षा हळू जायचं तर पाय अजून हळू फिरवायचे आणि प्रत्येक दाबाला गुडघ्यावर जास्त भार. ३४ वर तेच साठ फेरे ७.७ किलोमीटरला बसतात. माणूस, सायकल, पाणी, पंप, ट्यूब, खायचं सगळं मिळून ८५ किलो धरा, आठ टक्क्याच्या तुकड्यावर ९.३ च्या वेगाला १८५ वॅटच्या आसपास ताकद लागते आणि ७.७ ला दीडशे. ताज्या पायाला १८५ म्हणजे फार नाही, पण शंभरएक किलोमीटर झाल्यावर हे पस्तीस वॅट म्हणजे बसून चढणं आणि उतरून ढकलणं यातला फरक आहे.

एक गोष्ट इथं स्पष्ट करतो कारण यावर लै गैरसमज आहे. कॅसेट बदलली म्हणून घाट चढायचं काम कमी होत नाही. ८५ किलो साडेसातशे मीटर उचलायला सव्वासहाशे किलोज्यूल लागणारच, आणि शरीर चार भाग जाळून एकच भाग पायडलपर्यंत पोचवतं, त्यामुळं नुसत्या या चढाला सहाशे-साडेसहाशे कॅलरी जातात, कुठलीही कॅसेट लावा. फरक एवढाच की ते काम तुम्ही किती वेळात करायचं हे तुमच्या हातात येतं. २८ वर घाट तुमचा वेग ठरवतो, ३४ वर तुम्ही ठरवता. म्हणून केरीत चढ सुरू करायच्या आधी खाल्लंच पाहिजे, केळी, चिक्की, गुळ-शेंगदाणे काहीही, आणि वर चोर्ल्यापर्यंत भरवशाचं दुकान मिळेलच असं धरून चालू नका, पाणी दोन बाटल्या खालीच भरून घ्या.

प्रत्यक्ष वापरात कशी आहे ते सांगतो. चांगली गोष्ट पहिली : श्वास हातात राहतो. आधी चढताना पोटातनं धाप लागायची, बोलायला जमायचं नाही, आता शेजारच्या माणसाशी एक-दोन वाक्यं बोलत चढता येतं आणि तेच बरोबर गतीचं माप आहे, घड्याळ बघायची गरज नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुसऱ्या दिवशी जे दुखायचं ते गेलं. कमरेला पण आराम, कारण हँडल ओढून ओढून चढायला लागत नाही. आणि घाट चढून आल्यावर राइड संपत नाही हे विसरू नका, वरून बेळगाव अजून पन्नासेक किलोमीटर राहतं आणि तो रस्ता सपाट नाही, जांबोटीपर्यंत खालीवर खालीवर, कुसमळीला परत नदीत उतरायचं आणि किणयेकडं परत चढायचं. हा शेवटचा किणयेचा चढ घाटाच्या मानानं काहीच नाही, पण माणसं तिथंच मोडतात. ३४ चा खरा पैसा मला तिथं वसूल झाल्यासारखा वाटतो, घाटात नाही.

आता उणं. आठ स्पीडच्या ११-३४ मधे दात्यांचा क्रम ११-१३-१५-१७-२०-२३-२६-३४ असा आहे. शेवटची उडी बघा, २६ वरून एकदम ३४. मधे काहीच नाही. तीस टक्क्यांची उडी आहे ती. २६ वर साठच्या लयीत चढताय आणि जरा जड झालं म्हणून ३४ टाकला तर तोच वेग ठेवायला पाय मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरवायला लागतात, एकदम पायाखालचा आधार गेल्यासारखं वाटतं, लय तुटते. पाच-सहा टक्क्याच्या लांब तुकड्यावर हे फार जाणवतं, कारण तिथं २६ थोडा जड आणि ३४ थोडा हलका. सवयीनं जमतं, चढ येतोय दिसलं की जड व्हायच्या आधीच ३४ वर जायचं आणि पाय भराभर फिरवत वेग हळूहळू सोडायचा, पण ही कमतरता आहेच आणि घेताना माहीत असावी. याला पर्याय ११-३२, तिचा क्रम ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२, एकसारख्या पायऱ्या, कुठं धक्का नाही, आणि ३४ पेक्षा फक्त सहा टक्के जड. ज्यांचं वजन कमी आहे, पाठीवर सामान नाही आणि मुख्य राइड आंबोलीची असते त्यांनी ३२ घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आंबोली ६९० मीटरवर, चढ बराच सलग आहे, तिथं लय सांभाळणं जास्त महत्त्वाचं. चोर्ला करून येणाऱ्यानं, त्यातही कॅरिअरला बॅग बांधून गोव्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्यानं, ३४.

तिलारीसाठी मात्र कॉम्पॅक्ट क्रँकवर ३४ पण पुरत नाही. तो घाट अंतरानं छोटा पण खडा इतका आहे की तिथं पुढंच छोटं चेनरिंग पाहिजे, ३० किंवा त्याहून कमी. तिलारी डोळ्यापुढं ठेवून कॅसेट बदलत असाल तर पैसे जपून ठेवा आणि क्रँकचा विचार करा.

घ्यायच्या आधी आपली सायकल नीट बघा, यात माणसांचे पैसे जातात. बऱ्याच हायब्रीड सायकलींना पुढं तीन चेनरिंग असतात, ४८-३८-२८. त्यात छोटं २८ असेल आणि मागं सगळ्यात मोठा दाता २८ असेल तर तुम्हाला एकास एक गिअर आधीच मिळतोय, म्हणजे मी कॅसेट बदलून जे मिळवलं ते तुमच्याकडं आहेच. चढाला छोटं चेनरिंग टाकायची सवय करा, बऱ्याच जणांनी ते कधी वापरलेलंच नसतं. दुसरं, स्वस्त सात स्पीडच्या सायकलींना मागं कॅसेट नसतेच, आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, ते खोलायचं हत्यार वेगळं आणि त्यावर ही कॅसेट बसत नाही. चाक काढून दुकानात न्या आणि विचारा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि तिचा ढिलेपणा ओढून धरणारा भाग. ५०-३४ आणि ११-३४ ला पुढचा फरक सोळा अधिक मागचा फरक तेवीस, म्हणजे एकोणचाळीस दात्यांची कपॅसिटी (ढिली चेन ओढून घ्यायची ताकद) लागते आणि सगळ्यात मोठा दाता ३४ झेपला पाहिजे. छोट्या पिंजऱ्याचा डिरेलर असेल तर एकतर वरची चाकी दात्याला घासते नाहीतर चेन लोंबकळते. आपल्या डिरेलरच्या मॉडेलचा आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो, तो कंपनीच्या कागदावर ताडून बघा, अंदाजानं घेऊ नका.

बसवायचं काम मी गावातल्या जुन्या मिस्त्रीकडं केलं आणि त्या कामाबद्दल पण लिहायलाच पाहिजे, कारण अर्धी करामत तिथं आहे. मामांनी सायकल स्टँडला लावली, कॅसेट बघितली आणि विचारलं, "चोर्ल्याला जाऊलास व्हय? मग चेन पण नवी घाल. जुनी चेन नव्या दात्यावर चालायची नाही, खाऊन टाकती." चेन गेजवर मापली तर अर्ध्या टक्क्याच्या पुढं ताणली होती. नवी चेन मागच्या मोठ्या आणि पुढच्या मोठ्या दात्यावरून डिरेलर सोडून फिरवली आणि वर दोन कड्या ठेवून तोडली, हा नियम जो मिस्त्री न विचारता पाळतो त्याच्याकडं डोळे झाकून सायकल द्या. मग डिरेलरचा बी-स्क्रू आवळून वरची चाकी ३४ च्या दात्यापासून लांब घेतली, हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) वाकलाय का ते बघितलं, लिमिट स्क्रू लावला म्हणजे चेन ३४ वरून उडून स्पोकमधे जायला नको. कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग चांगलं चाळीस न्यूटन मीटरच्या आसपास आवळायला लागतं, हाताच्या अंदाजानं सैल राहिलं तर चढाला कटकट आवाज येतो. शेवटी मला म्हणाले, "कपिलेश्वरच्या ब्रिजवर जाऊन ये, उभं राहून मार, बसून मार, मग पैसे दे." ब्रिजवर सगळे गिअर भाराखाली टाकून बघितले, एक पण घसरला नाही. सेटिंग स्टँडवर बरोबर दिसतं आणि भार पडला की बिघडतं, म्हणून ही ब्रिजची चाचणी फार पटली मला. एका केबलचा ताण आठवड्यानं परत बघून घ्यायला सांगितलं होतं, नवी केबल थोडी बसते, तेही त्यांनी लगेच करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

खर्च म्हणाल तर आठ स्पीडचं सामान अजूनही परवडतं, कॅसेट, चेन आणि मजुरी धरून दोन-तीन हजारांच्या आसपास जातं, डिरेलर बदलायचा असेल तर वर अजून. दहा-अकरा स्पीडवाल्यांनी याच्या बऱ्याच जास्त पैशाची तयारी ठेवावी. या पैशात सायकलवर दुसरी कुठली वस्तू एवढा फरक पाडेल असं मला वाटत नाही.

जाता जाता ब्रेक. चढाचं एवढं लिहिलं पण आपल्याकडं उतार आधी येतो, सकाळी, कधी धुक्यात, अंग गार असताना. जेवढी ऊर्जा चढताना घालायची तेवढीच उतरताना ब्रेकमधे आणि हवेत जिरवायची असते. रिम ब्रेक असेल तर ब्रेक धरून ठेवत उतरू नका, रिम तापते आणि ट्यूबवर येतं, वळणाच्या आधी सरळ रस्त्यात दोन्ही ब्रेक दाबून वेग काढायचा, वळणात सोडायचे. डिस्क असेल आणि पावसात जाणार असाल तर रेझिन पॅड ऐवजी मेटल पॅड घाला, आवाज करतात पण चिखलपाण्यात टिकतात. लाल मातीचा चिखल रेझिन पॅड किती लवकर खातो ते एका पावसाळी राइडमधे कळतं. मी स्वतः जुलै-ऑगस्टमधे तिकडं सायकल नेऊ नये असंच सांगेन, वळणांवर शेवाळ, वीस फुटापुढचं दिसत नाही, आणि मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. धबधबे बघायचे तर गाडीनं जा. सायकलला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसात पण मागं लाल दिवा दिवसा सुद्धा चालू ठेवा.

पावसाळ्यानंतर जांबोटी ते कणकुंबी रस्ता कसा असेल ते दर वर्षी वेगळं असतं, त्यामुळं २५ मिलीमीटर रुंदीच्या टायरवर जाऊ नका, फ्रेममधे बसत असेल तर ३२ मिलीमीटरचा टायर घाला आणि हवा जरा कमी ठेवा. टायर रुंद झाला की घेर थोडा वाढतो, गिअर किंचित जड होतो, पण खड्ड्यात ट्यूब फुटून जंगलात बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

चेनची एक जोडकडी आणि चेन तोडायचं छोटं हत्यार सीटखालच्या बॅगेत असू द्या. ३४ वर भार टाकून गिअर बदलताना आठ स्पीडची चेन सहसा तुटत नाही, पण तुटलीच तर केरी आणि चोर्ल्याच्या मधे सायकलचं दुकान नाही. कोणाला आपल्या डिरेलरवर ही कॅसेट बसेल का हे बघायचं असेल तर मॉडेलचा आकडा आणि पुढच्या-मागच्या दात्यांचा आकडा लिहा, मी हिशेब करून सांगतो.